फोरमनच्या नावावर

६ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. काळजी आधी लिहितो. रविवारी तू फोन केलास आणि मी सारखं "हो, हो" म्हणत होतो, त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली, लेथने कान नेले. फोनमध्ये तू बोलतेस की पंखा फिरतोय तेच कळत नाही. शेवटी खालच्या इस्त्रीवाल्याच्या हातात फोन दिला. तो ऐकून म्हणाला, "पोरगी म्हणतेय, सरांची चूक सापडली." मी म्हटलं, "कुणाची?" तो माझ्या कानात ओरडला, "सरांची! मोठ्या सरांची!" आणि हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच माहीत. मी त्या दिवसापासून धड जेवलेलो नाही.

चूक सापडली म्हणजे काय? कुठे लिहून ठेवलीस का? कोणाला बोललीस का? तुझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही ते एप्रिलमध्ये ठरणार, आणि ते ठरवणार तेच सर ना? तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझे ताप, तुझ्या परीक्षा, तुझे हरवलेले डबे, सगळ्याची काळजी मी केली आणि ती सवय आता सुटत नाही. तुझी काकू होती तोवर मला आवरायची. आता आवरणारं कोणी नाही.

यापुढे पत्रच लिही. सावकाश वाचतो, पण वाचतो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळेल असं लिही. आणि गळ्याला काही गुंडाळतेस का?

काका


१९ जानेवारी

काका,

गळ्याला गुंडाळते. आता नीट जेवा.

सातवीच्या माणसाला सांगायचं म्हणजे असं. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ होता आणि त्याच्या बरोबर उलटा प्रतिपदार्थ होता, दोन्ही सारखेच. ते एकमेकांना भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि मागे फक्त उजेड उरतो. मग सगळंच पुसलं जायला हवं होतं. पण आपण आहोत. म्हणजे अब्जावधी जोड्यांमागे एखादा कण पदार्थाच्या बाजूला जास्त निघाला. त्या एकेकट्या उरलेल्यांचे आपण झालो आहोत. तुमचं लेथसुद्धा.

तो एक जास्त कुठून आला, एवढाच आमचा धंदा. सर म्हणतात, तेव्हा काही फार जड कण होते आणि ते फुटताना किंचित एका बाजूला झुकत. पण सगळं समतोलात असेल तर जेवढं घडतं तेवढंच उलटंही घडतं आणि झुकाव भरून निघतो. विश्व पसरत होतं, थंड होत होतं, उलटं घडायला वेळ पुरला नाही, म्हणून थोडं उरलं. इथपर्यंत सगळं ठीक.

सर कणांना गोट्यांसारखं धरतात. किती जुळल्या, किती फुटल्या. आता दोन हलके कण जुळून एक जड कण झाला आणि तो पुन्हा फुटला, हे ते एकदा मोजतात. मग "दोन कण आदळले आणि दोन बाहेर पडले" म्हणून तीच घटना पुन्हा मोजतात. दुबार होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून एक हिस्सा हाताने वजा करतात. पण सरांच्या मांडणीत दोन जड कणांची वजनं जवळजवळ सारखी आहेत आणि नेमकी तिथे ती वजाबाकी चुकते.

मी गोट्या सोडून दिल्या. पुंज क्षेत्र सिद्धांताने सगळं पहिल्यापासून मांडलं. तिथे सुटा कण नसतो. सगळीकडे पसरलेलं क्षेत्र असतं आणि आधी काय काय घडलं त्याची आठवण समीकरणातच असते, त्यामुळे एक घटना दोनदा मोजताच येत नाही. आणि एक सोपी परीक्षा केली. विश्व थंड होणं थांबलंय असं धरलं. मग उत्तर शून्य यायला हवं, त्यात वाद नाही. माझ्या समीकरणात शून्य येतं. सरांच्यात येत नाही. नीट मोजलं तर सरांचं ते जास्तीचं शंभर पटीने कमी भरतं. थोडक्यात, सरांच्या विश्वात तुम्ही-आम्ही उरतच नाही.

गेली बारा वर्षं सर याच मांडणीवर मोठे झालेत. सरांना अजून सांगितलेलं नाही. आणखी एकदा तपासते, लिहून काढते आणि माझ्या नावाने छापायला पाठवते. मग त्यांना प्रत देईन. तोवर कोणाला बोलू नका. इस्त्रीवाल्यालासुद्धा नाही.

ठकू


२८ जानेवारी

ठकू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दुबार मोजणीचं मला कळलं, खरंच कळलं. आमच्याकडे एकच दांडा लेथवालाही आपल्या मजुरीच्या कार्डावर चढवायचा आणि ग्राइंडरवालाही चढवायचा. संध्याकाळी दांडे वीस आणि कागदावर तीस. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

तुझं म्हणणं खरं असेल. तू लहानपणापासून खरीच असायचीस, त्याचीच मला भीती. मी तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. तुझे बाबा कारखान्यात नवे होते, अजून पक्के झाले नव्हते. त्यांच्या हातून एक मोठा दांडा मापाच्या खाली गेला. जास्त राहिला असता तर पुन्हा घासता आला असता, पण कमी झालेलं लोखंड कोण परत लावणार? ते गुपचूप तसाच तपासणीला पाठवायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला आणि सरळ फोरमनकडे गेलो. आमचा फोरमन तोंडाने फाटका, पण माणूस मोठा. मला म्हणाला, "तुझा भाऊ आहे ना? मग गाढवच असणार." आणि वहीत लिहिलं, "माझ्याकडून माप चुकीचं सांगितलं गेलं." स्वतःच्या नावावर घेतलं. तुझे बाबा वाचले. आमच्याकडे रीतच होती ती. बिघाड झाला की तपासणीच्या आधी फोरमनच्या कानावर घालायचं, तो आपल्या नावावर घेतो, खालच्याचं नाव कागदावर येत नाही. ज्याचं नाव कागदावर आलं तो गेला.

तू सरांना वगळून परस्पर छापायला निघालीस. वरच्याला खाली बघायला लावून कोण टिकलंय? सरांना आधी सांग. त्यांच्या नावावर होऊ दे. तू मागे राहा. तुला चाळिसावं लागेल पुढच्या वर्षी. या वयात दुसरीकडे कोण घेणार?

लवकर उत्तर पाठव. पोस्टमन सायकल वळवून पुढे गेला की मी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत जातो.

काका


२ फेब्रुवारी

माननीय सरांस,

आपल्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचा मी चुलता. तिला मीच वाढवलं. अक्षर वाईट आहे आणि कागद वहीतला आहे, दोन्हीबद्दल माफी असावी.

मुलीला आपल्या मांडणीत एक दुबार मोजणी सापडली आहे. ती ते स्वतःच्या नावाने छापणार आहे. तिच्या पत्रातला तो भाग मी जसाच्या तसा खाली उतरवून देतो, म्हणजे माझ्याकडून चुकीचं सांगितलं जायला नको. मला त्यातलं थोडंच कळतं, आपल्याला सगळं कळेल.

माझी हात जोडून विनंती अशी की ही दुरुस्ती आपण आपल्याच नावावर घ्यावी. मुलीचं नाव कुठेही येऊ देऊ नये. तिचीही हीच इच्छा आहे, फक्त ती संकोचामुळे बोलत नाही. या पत्राबद्दल तिला काही विचारू नये. तिची नोकरी चालू राहावी, यापलीकडे आम्हाला काही नको.

आपण थोर मनाचे आहात असं ऐकतो.

आपला नम्र (पूर्ण नाव आणि पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे)


११ फेब्रुवारी

काका,

बाबांच्या दांड्याची गोष्ट वाचून रडायला आलं. फोरमन ग्रेट माणूस.

पण आमच्याकडे नेमकं उलटं असतं, काका. तुमच्याकडे कागदावर नाव आलं की माणूस जातो, आमच्याकडे कागदावर नाव आलं नाही की जातो. मी तीन वर्षं दिवसाचे दहा-दहा तास जे खरडलं त्याची मजुरी म्हणजे त्या कागदाच्या माथ्यावर माझं नाव, बस. तेवढं असलं की सरांनी मला उद्या हाकललं तरी दुसरीकडे दार उघडतं. ते नसलं तर मी चाळिशीची एक बाई आहे, जिने तीन वर्षांत काही केलं नाही.

शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र आहे ना, जो दिवसभर शेंगदाणे खातो, त्याला फक्त सांगितलंय. तो म्हणाला, "तू सरांच्या पोटावर पाय देतेयस." मी म्हटलं, "विश्वाच्या पोटावर त्यांनी दिलाय, ते चालतं?" तो म्हणाला, "विश्व पगारपत्रकावर सही करत नाही." खूप हसलो.

अजून चार-पाच आठवडे लागतील. तुम्ही निवांत राहा.

ठकू


२० फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र मिळालं. मी निवांत नाही.

काल पोस्टात गेलो होतो. इस्त्रीवाल्याच्या मेहुण्याचं काम होतं. त्याने कोणाला तरी पत्र टाकलंय आणि त्याला ते परत हवंय. खिडकीतल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "कधी टाकलं?" मी म्हटलं, "झाले सतरा दिवस." ती म्हणाली, "आजोबा, सतरा दिवसांत पत्र पोचून, वाचून, त्याची पुडी बांधून झाली असेल." मागे रांगेत लोक हसले. मी म्हटलं, "काहीच करता येत नाही?" ती म्हणाली, "दुसरं टाका, पहिल्यावर विश्वास ठेवू नका म्हणून." मी तिकीट घेतलं. पण मेहुणा म्हणाला, दुसरं टाकलं तर पहिलं खोटं ठरेल आणि माणूस उगाच संशय घेईल. म्हणून ते तिकीट याच पाकिटाला लावतोय.

तू लवकर लिहून काढ. चार-पाच आठवडे कशाला? तुझं काम नेहमी जास्तच नीटनेटकं असतं. थोडं कमी नीट चालेल. लगेच पाठव छापायला. माझं ऐक.

खोकला आहे थोडा. काळजीचं कारण नाही.

काका


१५ मार्च

काका,

एरवी "तपासून घे" म्हणणारे तुम्ही, तुम्हीच "कमी नीट चालेल" म्हणता? ताप आहे का? डॉक्टरकडे जा.

इथे काहीतरी विचित्र चाललंय. सर एकदम गोड झालेत. स्वतः माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "समतोलात शून्य येतं की नाही हे बघावं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. तूही तिकडेच काही करतेयस का? वही बघू." मी वही दिली नाही. म्हटलं, अजून कच्चं आहे. ते म्हणाले, "बरं, बरं, घाई नाही," आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले. तीन वर्षांत त्यांनी मला खांदा आहे हे ओळखलंही नव्हतं.

काका, शून्याची परीक्षा मी दोघांनाच सांगितली होती. एक तुम्ही, एक शेंगदाणे. शेंगदाण्यालाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "वेडी आहेस का?" मी म्हटलं, "तुझीही नोकरी एप्रिलमध्येच ठरायची आहे ना?" त्याने पुडी बंद करून खणात टाकली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मला वाटलं होतं, निदान तो तरी माझा आहे.

ठकू


२४ मार्च

ठकू,

माणसं ओळखता येत नाहीत हे खरं. पण एकदम बोलणं तोडू नये. त्याने नसेलही सांगितलं. भिंतीला कान असतात. किंवा सरांना आपलं आपणच सुचलं असेल, ते शिकलेले आहेत. किंवा नसेल.

खोकला बरा आहे. जास्त लिहीत नाही.

तू पाठवलंस का छापायला?

काका


९ मे

काका,

तपासणी लांबत गेली. एप्रिलअखेर पाठवणार होते. त्याच्या आठ दिवस आधी सरांचा लेख आला. एकट्या सरांचा. "पूर्वीच्या मांडणीचा पुनर्विचार." समतोलात शून्य यायला हवं, गोट्यांच्या हिशेबात येत नाही, क्षेत्र सिद्धांताने येतं, वजन सारखं असलं की वजाबाकी चुकते, शिल्लक शंभर पटीने घटते. सगळं. अकरा पानं. लोक त्यांच्या मोठेपणाबद्दल बोलतायत. बारा वर्षांचं स्वतःचं काम स्वतःच मोडून काढायला केवढं काळीज लागतं, म्हणे. माझी नोकरी पुढे चालू राहणार नाही, कारण तीन वर्षांत माझ्या नावावर पुरेसं काम दिसत नाही.

हे सगळं मी एकवेळ गिळलं असतं. पण शेवटच्या पानावर आभार आहेत. दोन नावं आहेत. एक संगणक सांभाळणाऱ्याचं. दुसरं तुमचं, काका. पूर्ण नाव, तुमच्या वडिलांच्या नावासकट. "यांनी उदार मनाने पत्र लिहून या प्रश्नाकडे माझं लक्ष वेधलं."

तुमचं नाव तिथे कसं?

मी शेंगदाण्याला काय काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही. माझी पत्रं मात्र तुम्हाला येत होती. पंधरा मार्चचं मिळालं होतं ना?


१८ मे

ठकू,

मिळालं होतं.

मी लिहिलं सरांना. दोन फेब्रुवारीला. तुझ्या अकरा तारखेच्या पत्राच्या आधी, एवढंच माझ्या बाजूचं. फोरमनला सांगतात तसं सांगितलं. मला वाटलं, ते आपल्या नावावर घेतील म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही. त्यांनी आपल्या नावावर घेतलं. मी मागितलं तेच त्यांनी केलं, ठकू. त्याच्यात काय असतं हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं. मग सांगायला जीभ रेटेना. पोस्टातला मेहुणा वगैरे कोणी नाही, मीच गेलो होतो. तू शेंगदाण्याचं लिहिलंस तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पेन हातात घेतलं होतं. त्या कागदावर खोकल्याचं लिहिलं.

आणखी एक आहे. ते पत्रात लिहू नये, पण तुझ्यापासून लपवून लपवून थकलो आहे. माझं नाव छापून आलंय हे वाचल्यावर, तुझं सगळं पत्र वाचून झाल्यावरसुद्धा, माझ्या मनात पहिलं आलं ते असं की ते पान बघायला मिळेल का. कुठे माझं नाव कोणी छापलंय? कारखान्याच्या निरोपाच्या पत्रकातसुद्धा चुकीचं आलं होतं. एक क्षणच आलं. पण आलं.

मला काय करायचं ते सांग. म्हणशील तिथे येऊन म्हणशील त्याच्या पाया पडतो.

काका


२६ मे

कोणाच्या पाया पडू नका.

मी संस्थेच्या चौकशी समितीकडे तक्रार केली आहे. सरांनी तुमचं पत्र समितीपुढे ठेवलं. त्यात एक ओळ आहे, "तिचीही हीच इच्छा आहे." त्या ओळीवर सगळं अडलंय. ती खरी असेल तर सरांनी चोरी केली नाही, मी दिलं आणि त्यांनी घेतलं. माझी वही, तारखा, सगळं दाखवलं; आपली आपसातली पत्रं घरची म्हणून धरत नाहीत. समिती म्हणते, तू आधी केलंस हे मान्य, पण तू स्वखुशीने सोडलंस.

चौकशीच्या बाई तुमच्याकडे येतील. त्या एकच विचारतील, तिला माहीत होतं का. "नाही, मी तिला न विचारता लिहिलं," एवढं म्हणा. याहून जास्त काही बोलू नका. इतिहास सांगू नका. दांड्याचंसुद्धा नको.

या एका वाक्यावर माझं नाव परत मिळू शकतं.

ठकू


२२ जून

ठकू,

बाई काल येऊन गेल्या. मी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो. तुझं वाक्य पाठ केलं होतं.

त्या भल्या होत्या. पण मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्या मोठ्याने बोलायला लागल्या आणि जिना भरला. इस्त्रीवाला, त्याची बायको, वरच्या मजल्यावरचे, सगळे दारात. बाईंनी माझं पत्र पुढे धरलं आणि ओरडून विचारलं, "हे अक्षर तुमचंच?" मी म्हटलं, "हो." "इथे लिहिलंय, तिचीही हीच इच्छा आहे. तिने तुम्हाला तसं सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "म्हणजे असं की..." त्या म्हणाल्या, "हो की नाही, आजोबा. नाही असेल तर तुम्ही इथे खोटं लिहिलंत, असा अर्थ होतो." एवढ्या लोकांसमोर. इस्त्रीवाला माझ्याकडे बघत होता. चाळीस वर्षं त्या जिन्यात मला खोटारडा म्हणून कोणी हाक मारलेली नाही.

मी म्हटलं, "आठवत नाही."

त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच म्हटलं. त्या लिहून घेऊन, पाणी पिऊन गेल्या. इस्त्रीवाला म्हणाला, "जाऊ द्या, वयच आहे विसरायचं." मी मान हलवली.

मला लख्ख आठवतं, ठकू. ती ओळ लिहिताना पेन थांबलं होतं. वाटलं, एकट्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार, मुलीचं नाव घातलं की वजन येईल. म्हणून घातलं.

सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर सगळं खरं लिहून सही केली आहे, तारीख घातली आहे. तुला माहीत नव्हतं, तू बजावलं होतंस, मी खोटं लिहिलं, आणि काल पुन्हा खोटं बोललो. दाखव सगळ्यांना. जिन्यात चिकटवायचा असेल तर मी चिकटवतो. रजिस्टर केलं आहे, लवकर पोचेल.

काका


१७ जुलै

काका,

निर्णय आला. सरांवर ठपका नाही.

तुमचा कागद वेळेत पोचला होता. मी स्वतः नेऊन दिला. बाईंनी तुमची दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, मध्ये स्वतःच्या नोंदीचा कागद. म्हणाल्या, "अक्षर एकच. पहिल्यात म्हणतात, मुलीची इच्छा आहे. शेवटच्यात म्हणतात, नव्हती. मधे मला म्हणाले, आठवत नाही. मी कोणतं धरू?" मी म्हटलं, "शेवटचं." त्या म्हणाल्या, "शेवटचं कोणाच्या फायद्याचं आहे ते मला समोर दिसतंय. पहिलं लिहिताना त्यांच्यावर कोणाचा दबाव नव्हता." मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगून लिहून घेतलंत का?" त्या वाईट नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

शेंगदाण्याची माफी मागितली. तो "बरं" म्हणाला. पुडी पुढे केली नाही.

एक तारखेपासून एका विमा कंपनीत जाते. कोण किती वर्षं जगेल याचे तक्ते करायचे आहेत. खोलीत दोन खिडक्या आहेत, काम सोपं आहे, आणि कोणत्याच तक्त्यावर कोणाचं नाव नसतं.

तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मला कळतं. ते कळल्याने काही कमी होत नाही. खोकल्याचं खरं असेल तर डॉक्टरकडे जा. पत्र लिहू नका म्हटलं तरी तुम्ही लिहाल. मी उघडीनच असं नाही.

निघण्याआधी सरांचा लेख पुन्हा सगळा सोडवून पाहिला, पहिल्या ओळीपासून. पाच दिवस लागले. कुठेतरी एखादं चिन्ह चुकलं असेल, काहीतरी दुबार झालं असेल, म्हणजे निदान तेवढं तरी माझ्या नावाने लिहिता येईल, असं वाटत होतं. काही सापडलं नाही. सगळं बरोबर आहे.